न उगारलेली काठी

सोमारीच्या वाफ्यातलं रोप पस्तीस दिवसांचं झालं होतं. भाताचं रोप पंचवीस दिवसांच्या आत उपटून लावायचं असतं, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. त्यापुढे ते पिवळं पडतं, बुडाशी गाठ धरतं, आणि मग लावलं तरी लोंबीत दाणा कमी अन् फोल जास्त. पाऊस तर यंदा नको तेवढा पडत होता. साऱ्या गावाची खाचरं हिरवीगार झाली होती आणि मधोमध सोमारीची दोन खाचरं नुसती पाण्याने भरलेली, बेडकांना आंदण दिल्यासारखी.

आमच्याकडे लावणी मदैतीने होते. आज या घराची, उद्या त्या घराची. ज्याचं शेत त्याने भात आणि हंडिया, म्हणजे तांदळाची दारू, घालायची, बाकीच्यांनी हात लावायचे. कोणाचा दिवस कधी, ते पाहान सांगतो. गावदेवाचा पुजारी तो, त्याच्या शब्दाबाहेर कोणी जात नाही. यंदा त्याने वीस घरांची नावं घेतली आणि एकविसावं घेतलंच नाही. कोणी विचारलं नाही. मीही नाही.

मी करमी. सोमारीची शेजारीण. आमच्या दोघींच्या अंगणांमध्ये बांबूचं कुंपण आहे, एवढंच अंतर. गावच्या बायकांच्या हॉकीच्या संघात मी गोल सांभाळते, कारण अंगाने आडवी आहे. गोलात म्हैस बांधली तरी अर्धे चेंडू अडतात, असं आमची कप्तान बिलासी म्हणते. बिलासी पाहानची सून, तेव्हा तिचं म्हणणं हसून घ्यावं लागतं.

एकविसावं नाव का गळलं, ते सांगते. गेल्या पावसाळ्यात पाहानच्या भावाचा चार वर्षांचा नातू तापाने गेला. लांबून एक भगत आणला. त्याने सुपात तांदूळ फिरवले आणि सांगितलं, गावाच्या पूर्वेला, दारात फणस असलेलं घर, तिथली बाई डायन आहे. पूर्वेला दारात फणस असलेली घरं दोन. एक सोमारीचं, एक माझं. माझ्या घरात नवरा आहे आणि दोन दांडगे दीर आहेत. सोमारीच्या घरात ती आणि तिची बावीस वर्षांची असरिता. नवरा तीन वर्षांपूर्वी छातीच्या दुखण्याने गेला. मग बोट कुठे वळलं असेल, ते सांगायला सूप लागत नाही.

तर त्या मायलेकी पस्तीस दिवसांचं रोप घेऊन बसल्या होत्या. बाईने नांगराला हात लावायचा नाही, लावला तर पाऊस रुसतो, गावावर अरिष्ट येतं. आधीच डायन म्हणवून घेतलेल्या बाईने नांगर धरला असता तर तिला कोणी जिवंत ठेवलं नसतं. म्हणून दोघी कुदळीने चिखल करत होत्या. गुडघाभर पाण्यात वाकायचं, कुदळ मारायची, ढेकूळ पायाने तुडवायचं. बैलजोडी अर्ध्या दिवसात जेवढं करते, तेवढ्याला त्यांना आठवडा लागला असता. सोमारीच्या तळहातांना फोड आले, फुटले, त्यावर तिने चिंध्या बांधल्या. मी बांधावरून जाताना बघायची आणि पाय उचलायची.

अशात एका सकाळी बिलासी आली. आली ती माझ्या अंगणात. तिथून कुंपणावर हात ठेवून म्हणाली, “असरिता आहे का गं घरात?”

सोमारी पेजेचं भांडं घासत होती. मान वर न करता म्हणाली, “माझ्या दारात येऊन विचार की. दार काय चावतं माझं?”

“पाय चिखलाचे आहेत, काकी.”

“माझ्या अंगणात काय फरशी घातलीय?”

बिलासी गोरीमोरी झाली, पण हलली नाही. “सासऱ्यांचा निरोप आहे. रविवारी बाजाराच्या मैदानावर खस्सीचे सामने आहेत. असरिताने खेळायचं. बोकड आला तर बुधवारी तुमची मदैत. दोन नांगर, वीस बायका. सासऱ्यांनी स्वतः सांगितलंय.”

भांडं घासायचा आवाज थांबला. असरिता दारातून बाहेर आली. उंच, हाडापेराने भक्कम पोर. तिच्यासारखी काठी चार कोसांत कोणाची नाही. चेंडू तिच्या काठीला डिंक लावल्यासारखा चिकटतो.

“आणि हरलो तर?” तिने विचारलं.

“हरायचं नाही.”

“गेल्या वर्षी माझ्यामुळे बोकड भरावा लागला म्हणून घराघरातून शिव्या आल्या. आता बरी आठवण झाली माझी?”

“त्याचंच सांगायला आलेय,” बिलासी म्हणाली. “काठी वर जाता कामा नये. कोणी काही बोलो.”

खस्सीच्या सामन्यांत बक्षीस जिवंत बोकडाचं. गोल उशिरा झाला, वेळ जास्त झाली, पाय आपटला, सगळं चालवून घेतात. एकच कायदा कडक. माणसावर काठी उगारली की सामना गेला आणि वर समोरच्या गावाला दंडाचा एक बोकड. गेल्या वर्षी सरईपानी गावच्या जसमनीने, असरिता घसरून पडली तेव्हा, “काळी कोंबडी बसली, आता अंडं घालील,” म्हटलं. एवढंच. असरिताने उठता उठता काठी घातली आणि जसमनीच्या खांद्याचं हाड मोडलं. सामना गेला, बोकड गेला. तेव्हा तर तिची आई नुसती सोमारी होती. आता जसमनीच्या हातात केवढा मोठा दगड आयता आला होता, ते आम्हाला सगळ्यांना दिसत होतं.

“खेळेल ती,” सोमारी म्हणाली. “आणि काठी वर जाणार नाही. पण मदैतीला आलेल्यांनी माझ्या हातचा भात खायचा. घरून डबे आणायचे नाहीत.”

बिलासीने जरा विचार केला. “सांगते सासऱ्यांना,” म्हणाली आणि माझ्याच अंगणातून परत गेली.

पुढचे चार दिवस मी जे ऐकलं ते आधी कधी ऐकलं नव्हतं. त्यांचं खाचर आमच्या बांधाला लागून. मी तण काढत होते. पलीकडे दोघींच्या कुदळी चालल्या होत्या. एकदम सोमारीचा आवाज आला, चढा, परका.

“काय गं डायनीच्या पोरी! तुझ्या आईने यंदा किती खाल्ली?”

मी दचकून मान वर केली. मला वाटलं, गावातलं कोणी आलं. कोणी नव्हतं. आई लेकीला म्हणत होती.

“आयो, पुरे.”

“जसमनी पुरे म्हटल्यावर थांबेल? नवऱ्याला खाल्लं, पाहानच्या घरचं पोर खाल्लं, आता तुझ्यावर डोळा आहे तिचा. बोल की! जीभ गिळलीस?”

असरिताने कुदळ अशी धरली की बोटं पांढरी पडली. सोमारी दोन पावलं पुढे गेली. “बघ, बघ कशी धरलीस. सैल सोड. आणि मान खाली घालू नकोस. मान खाली घातलीस की त्या म्हणतील, खरं आहे म्हणून लाजली. सरळ तिच्या डोळ्यांत बघायचं आणि मनात मोजायचं. वीसपर्यंत. वीस झाले की वळायचं आणि चेंडू गाठायचा. चल, पुन्हा.”

आणि पुन्हा सुरू झाली. जे शब्द गावाने वर्षभर तिच्या पाठीमागे टाकले होते, ते सगळे तिने गोळा करून ठेवले होते. एकही विसरली नव्हती. एकेक काढून स्वतःच्या पोरीच्या तोंडावर मारत होती. पोर आईच्या डोळ्यांत बघत ओठ हलवत मोजत होती. एक, दोन, तीन. अकराला तिला रडू फुटलं. सोमारी म्हणाली, “रडायचं घरी. पुन्हा एकपासून.”

खोटं कशाला सांगू, त्या क्षणी मला बांध ओलांडून तिच्याकडे जावंसं वाटलं. आणि लगेच मी इकडेतिकडे बघितलं, मला इथे उभी राहिलेली कोणी बघितलं तर नाही ना.

शनिवारपर्यंत असरिता वीसपर्यंत पोचायला लागली.

रविवारी बाजाराच्या मैदानावर पाय ठेवायला जागा नव्हती. झाडांवर पोरं, बांधावर म्हातारे, कडेला भज्यांच्या कढया आणि हंडियाची मडकी. मैदान म्हणजे अर्धा चिखल. आम्ही सगळ्या अनवाणी, साडी गुडघ्यावर खोचलेली, कोणाच्या हातात विकतची स्टिक, कोणाच्या हातात बांबूची, विस्तवावर वाकवलेली. बक्षिसाचा बोकड खांबाला बांधला होता, गळ्यात झेंडूची माळ. तो माळच खात होता.

पहिले दोन सामने आम्ही सहज मारले. असरिताने पाच गोल केले. तिसऱ्याला, शेवटच्या सामन्याला, समोर सरईपानी आली.

जसमनीचा खांदा बरा झाला होता, पण डावा जरा खाली उतरलेला राहिला होता. गेल्या वर्षी त्या खांद्यापायी तिची लावणी बुडाली, सासू घालून पाडून बोलली, हे मला माहीत होतं. तिचा राग खोटा नव्हता. ती असरिताच्या सावलीसारखी मागे लागली. असरिता जिथे, जसमनी तिथे. आणि तोंड एकसारखं चालू.

पूर्वार्धात ते सगळं लांब चाललं होतं, मला नुसते हातवारे दिसत. मग सरईपानीला माझ्या गोलासमोर कॉर्नर मिळाला. आमच्या सगळ्या मागे आल्या, असरिताही. माझ्यापासून चार हातांवर जसमनी तिला खेटून उभी राहिली आणि म्हणाली, “तुझ्या आईला म्हणावं, बोकड आम्ही नेऊ, तिला कशाला बोकड लागतो? तिला पोरं लागतात.”

मी ओरडले, “गुरुजी! ऐका ही काय बोलतेय!”

शिट्टी घेऊन उभे होते ते शाळेतले गुरुजी. म्हणाले, “काठीचं बघायचं काम माझं. तोंडाचं नाही. खेळा.”

असरिताने तिच्याकडे बघितलं. फक्त ओठ हलत होते.

उत्तरार्ध संपत आला तरी गोल शून्य-शून्य. पाऊस भुरभुरत होता. असरिता चेंडू घेऊन माझ्याच बाजूने निघाली होती, तेवढ्यात जसमनीने मागून घोट्यावर काठी घातली. खाली, जमिनीलगत, कोणाला दिसणार नाही अशी. असरिता तोंडावर चिखलात पडली. चेंडू बाहेर गेला. जसमनी तिच्यावर वाकली. लोकांचा कलकलाट क्षणभर थांबला होता, त्यामुळे मला ऐकू आलं आणि कडेच्या पन्नास माणसांनाही आलं.

“ऊठ गं. बापाला खाल्लं, तेव्हा तू चुलीपुढेच होतीस ना? काळीज तुला पण दिलं असेल वाटून. म्हणून अशी पोसलीयस.”

असरिता उठली. तोंडावर चिखल, घोट्यातून रक्त. काठी दोन्ही हातांत. मला वाटलं, संपलं. तेवढ्यात बिलासी जिवाच्या आकांताने ओरडली, “असरिता, बोकड!”

असरिताने काठी जमिनीवर टेकवली. मान ताठ केली आणि जसमनीच्या डोळ्यांत बघायला लागली. तिचे ओठ हलत होते. पापणी हलत नव्हती. पाऊस तोंडावरून ओघळत होता, चिखल धुऊन निघत होता, आणि ती नुसती बघत उभी. जसमनी आधी हसली. मग तिचं हसू मावळलं. मग ती म्हणाली, “काय बघतेस अशी?” आणि एक पाऊल मागे सरली.

मग असरिता वळली. दोन मिनिटांत आमच्याकडे चेंडू आला. तो तिने मैदानाच्या मधून लंगडत लंगडत नेला, तिघींना चकवलं आणि असा मारला की सरईपानीच्या गोलकीपरने अंग चोरलं. सामना आम्ही जिंकलो.

बोकड खांद्यावर घेऊन, मांदर ढोल वाजवत आम्ही गावाकडे निघालो. सगळ्या पुढे नाचत होत्या. असरिता मागे राहिली होती. मी तिला खांद्याचा आधार दिला. म्हटलं, “पोरी, तुझ्या जागी मी असते तर तिचं तोंड फोडलं असतं.”

“मला पण फोडायचंच होतं, काकी.”

“मग? ओठांत काय पुटपुटत होतीस?”

“मोजत होते. सतराला पोचले आणि पुढचा आकडाच आठवेना. मग पुन्हा एकपासून मोजलं.” ती हसायला लागली आणि हसता हसता माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. लोकांसमोर नव्हे, माझ्यासमोर. हे मी नीट सांगून ठेवते.

दुसऱ्या दिवशी बोकड कापला. पळसाच्या पानांवर घरागणिक वाटे पडले. एकवीस वाटे. वर्षानंतर पहिल्यांदा सोमारीच्या घराला वाटा आला. बिलासी स्वतः घेऊन आली, आणि या वेळी तिच्या दारातून. पुढे व्हायला जरा कचरली, पण गेली. सोमारीने तिला पाट दिला. बिलासी पाटावर बसली नाही, उकिडवी बसली, पण बसली. सोमारीने त्या दिवशी केसांना तेल लावलं होतं.

बुधवारी पाहानने शब्द पाळला. उजाडताच दोन नांगर सोमारीच्या खाचरात उतरले. एक माझ्या नवऱ्याचा, लोदरोचा. मागून आम्ही बावीस बायका. रोप उपटायचं, मुळांचा चिखल पायावर आपटून झाडायचा, मुठी बांधायच्या, खाचरात फेकायच्या आणि मग ओळीने वाकून लावत मागे सरकायचं. कोणीतरी गाणं सुरू केलं, दुसऱ्या टोकाने उचललं. असरिताचा घोटा सुजून भोपळा झाला होता, तरी ती ओळीच्या मधोमध होती आणि बाया तिला चिडवत होत्या.

“असरिताच्या हातच्या रोपाला गोल लागतील, दाणे नाहीत.”

“लग्नात नवऱ्याला पण असंच बघत उभी राहणार का गं?”

“पळून जाईल बिचारा!”

सोमारी बांधावर तीन दगड मांडून भात रांधत होती. मधूनच उभी राहून खाचराकडे बघायची. चेहरा असा, की मला वाटलं, ही एका सकाळीत दहा वर्षांनी लहान झाली. दुपारी सगळ्या तिच्या हातचं जेवल्या. एकदोघींनी पहिला घास जरा उशिरा उचलला, पण उचलला. वरचं खाचर पुरं झालं होतं. खालचं, ओढ्याकाठचं मोठं, निम्मं लावून झालं होतं. त्याच खाचरावर त्यांचं वर्ष चालतं.

जेवून आम्ही पुन्हा वाकलो असू, तोच बांधावरून सायकल आली. बिलासीचा भाऊ. त्याला सरईपानीत दिलेली बहीण आहे, बिलासीची धाकटी. सायकल न टेकवताच त्याने हाताने बिलासीला बोलावलं. दोघं बांधावर कुजबुजली. मग बिलासी आमच्याकडे वळली. तिचं तोंड उतरलं होतं.

“जसमनी तापाने फणफणलीय. रविवारी रात्रीपासून. बरळतेय. ‘बघू नको, बघू नको’ म्हणतेय.”

दर पावसाळ्यात आमच्या भागात निम्मी माणसं तापाने पडतात. त्या आठवड्यात आमच्याच गावात सहा जणं पडली होती. पण त्या क्षणी ते कोणाला आठवलं नाही. गाणं मध्येच तुटलं.

“भगत आणला होता,” भाऊ म्हणाला. “त्याने एकच विचारलं. हिच्याकडे कोण बघत होतं? आता अख्ख्या बाजाराने बघितलंय, कोण बघत होतं ते.”

“आणि ओठ हलत होते,” मागून कोणीतरी म्हटलं. “मी कडेलाच होते. मंत्र म्हटल्यासारखे हलत होते.”

“मला तर तेव्हाच चमत्कारिक वाटलं,” दुसरी म्हणाली. “गेल्या साली नुसतं कोंबडी म्हटलं तर हाड मोडलं. आणि यंदा आईबापाचा उद्धार केला तरी गप्प? खोटं असतं तर कोणी ऐकून घेतलं असतं का? मारलं असतं की नाही?”

“ज्याला हाताने मारायचं तो हाताने मारतो,” तिसरी म्हणाली. “जिला हाताची गरजच नाही, ती कशाला काठी उगारील?”

असरिता ओळीत उभी होती, हातात रोपाची मूठ. “मी मोजत होते,” ती म्हणाली. “आयोने सांगितलं होतं म्हणून. राग येऊ नये म्हणून मोजत होते.”

“आईने सांगितलं होतं!” ती तिसरी पटकन म्हणाली. “ऐका. आईनेच शिकवलं.”

असरिताने माझ्याकडे बघितलं. मला माहीत होतं. बावीस जणींत एकट्या मला माहीत होतं, चार दिवस मी बांधाआडून ऐकलं होतं. मी तोंड उघडायला हवं होतं. दोन वाक्यांचं काम होतं. मी लोदरोकडे बघितलं. त्याने बैल आधीच सोडले होते आणि मला डोळ्याने खुणावत होता, बाहेर ये. मला वाटलं, मी बोलले तर विचारतील, तुला कसं माहीत? तू कशाला तिच्या बांधावर उभी होतीस? आणि मग कोणालातरी आठवेल की फणस माझ्याही दारात आहे. हातातली मूठ मी पाण्यात ठेवली, फेकली नाही, ठेवली, आणि बाकीच्यांच्या मागे बांधावर चढले.

कोणी भांडलं नाही, कोणी शिवी दिली नाही. बायका एकेक करून वर आल्या, ओढ्यावर पाय धुतले. नेहमी धुतात त्यापेक्षा जास्त वेळ धुतले. दोघीतिघींनी बोटं घालून ओकारी काढायचा प्रयत्न केला, खाल्लेला भात बाहेर यावा म्हणून. सोमारी चुलीपाशी उभी राहून ते बघत होती. हातात पळी होती.

सगळ्या गेल्या. मी आमच्या बांधावर विळा शोधायचं निमित्त करून थांबले. निम्म्या खाचरात रोपांच्या मुठी तरंगत होत्या. असरिता तशीच उभी. सोमारीने साडी खोचली, खाली उतरली आणि जिथे ओळ तुटली होती तिथून वाकून लावायला लागली. मग सोमारी वाकलेलीच म्हणाली, “मारायचं होतंस.”

“आयो?”

“डोकं फोडायचं होतंस तिचं. मी चुकले. मारलं असतंस तर तू माणूस ठरली असतीस. दंडाचा बोकड भरून मोकळं होता येतं.”

असरिताही वाकली. पुढचे पाच दिवस दोघींनी निम्मं खाचर हाताने ओढत नेलं, पण चाळीस दिवस कधीच ओलांडलेलं रोप ते. खालची बाजू शेवटपर्यंत पिवळीच राहिली.

जसमनी आठवड्याने बरी झाली. सरकारी दवाखान्यातल्या नर्सने गोळ्या दिल्या होत्या, हिवतापाच्या. मला वाटलं, आता तरी लोकांचे डोळे उघडतील. लोक म्हणाले, “सोडली तिने. घाबरली असेल, म्हणून सोडली.”

कापणी झाली. सोमारीच्या घरात निम्म्याहून कमी भात आला. त्या दिवशी मी अंगणात भात पाखडत होते, पलीकडे असरिता लाकडी फळीवर पेंढ्या आपटून झोडत होती. बिलासी आली. पुन्हा माझ्याच अंगणात. कुंपणापासून चार हात लांब उभी राहून म्हणाली, “असरिता, पौषात मोठे सामने आहेत. बत्तीस गावं. खेळशील?”

असरिता झोडत राहिली. “मला कोण खेळवणार?”

“मी खेळवते ना. सासऱ्यांनाही सांगते.” बिलासीने आवाज खाली आणला. “खरं सांगू? तुला धावावंसुद्धा लागणार नाही. सरईपानीच्या पोरी नुसत्या तुझ्या नावाने थरथरतात. तू मध्ये उभी राहा. चेंडू घेऊन कोणी समोर आली की तिच्याकडे बघ, त्या दिवशी बघितलंस तसं. ओठ हलव जरा. बस. बाकी आम्ही बघतो. दोन बोकड आहेत यंदा.”

असरिताने पेंढी खाली ठेवली. कपाळावरचं कुसळ पुसलं आणि कुंपणापाशी आली. तिने बिलासीकडे बघितलं. नुसतं बघितलं, माणूस माणसाकडे बघतं तसं. बिलासी मागे सरली, माझ्या उखळावर आदळली आणि पदर तोंडावर ओढून घेतला. “माझ्याकडे कशाला गं? मी काय केलंय तुझं?”

असरिता हळूच हसली. ते हसू चांगलं नव्हतं. मग ती माझ्याकडे वळली. आवाज मात्र लहान पोरीसारखा झाला होता.

“काकी, तू सांग ना हिला. त्या दिवशी मी काय म्हणत होते. तुला सांगितलं होतं ना मी, घरी येताना?”

बिलासीने पदराआडून माझ्याकडे बघितलं. सूप माझ्या हातात होतं. फोलपटं वाऱ्यावर माझ्याच अंगावर येत होती.

“मला काय ठाऊक, बाई,” मी म्हटलं. “मी लांब गोलात होते. मला काही ऐकू आलं नाही.”

आणि पाखडायचा राहिलेला भात तसाच उचलून मी घरात गेले.